पाचशे ताएलांचे भाडे

रविवारी सकाळी हातात पेपर आणि शेजारी चहाचा कप, ही आपल्याकडची सुट्टीची सुरुवात. त्या कपातल्या पेयाचे नाव जगभर दोन वाटांनी पसरले. चीनच्या फुकियन किनाऱ्यावरच्या बोलीत त्याला 'ते' म्हणत. डच व्यापाऱ्यांनी तो शब्द उचलला आणि इंग्रजांचा 'टी', फ्रेंचांचा 'ते', जर्मनांचा 'टे' त्यातून निघाले. कँटनच्या बाजूला मात्र 'चा' म्हणत. पोर्तुगिजांचा मुक्काम कँटनच्या तोंडाशी, म्हणून त्यांनी 'चा' घेतला. आज ते त्याचा उच्चार 'शा' असा करतात, पण लिहितात अजून 'चा'च. आपला 'चहा'ही याच दुसऱ्या कुळातला.

शब्दांची अशी आणखी एक गंमत आहे. चीनच्या सरकारी अधिकाऱ्यांना सारे जग 'मँडरिन' म्हणते. चिनी लोकांनी आपल्या अधिकाऱ्यांना असे कधीच म्हटले नाही. पोर्तुगीज मलाक्काला पोचले तेव्हा मलाय लोकांच्या तोंडी 'मंतरी' हा शब्द होता, म्हणजे आपला संस्कृत 'मंत्री'. पोर्तुगिजांनी त्याचे 'मांदारीं' केले आणि तो शब्द चीनच्या दरबाराला चिकटवून टाकला. पुढे १६६२ मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन इंग्लंडच्या राजाशी लग्न करून लंडनला गेली. तिने तिथल्या दरबाराला चहाची गोडी लावली. याच लग्नाच्या करारात मुंबई बेट इंग्रजांना आंदण मिळाले. एका लग्नात चीनचा चहा आणि आपली मुंबई, दोन्ही पोर्तुगिजांच्या हातून इंग्रजांकडे गेली.

चीन आणि पोर्तुगाल हे दोन देश म्हणजे हत्ती आणि मुंगी. पोर्तुगालची लोकसंख्या सोळाव्या शतकात जेमतेम दहा-पंधरा लाख, आणि चीन तेव्हाही दहा कोटींच्या पुढे. तरीही या मुंगीने हत्तीच्या पायाशी मकाव नावाचे एक चिमुकले घर केले आणि ते साडेचारशे वर्षे टिकवले. इंग्रज हाँगकाँगमध्ये आले ते मकावनंतर पावणेतीनशे वर्षांनी, आणि परत गेले ते मकाव सुटण्याच्या अडीच वर्षे आधी. हे कसे घडले? तलवारीच्या जोरावर नक्कीच नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर एका भाड्याच्या नोंदीपाशी यावे लागते. उमेदीची सारी वर्षे बँकेच्या खतावण्यांत घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला तर ती नोंद विशेषच रुचकर वाटते.

पण आधी पहिल्या भेटीची हकिगत. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकर्कने गोवा घेतला, १५११ मध्ये मलाक्का. तिथून १५१३ मध्ये जॉर्ज आल्वारिश हा पोर्तुगीज चिनी गलबतातून मोती नदीच्या मुखापाशी पोचला. माल विकला, नफा कमावला, परत आला. हे पाहून पोर्तुगालच्या राजाने रीतसर वकील पाठवायचे ठरवले. निवड झाली ती तोमे पिरिश याची. हा पेशाने औषधी द्रव्यांचा जाणकार, मलाक्कात राहिलेला. पूर्वेकडच्या बंदरांची आणि व्यापाराची खडान्खडा माहिती देणारा त्याचा एक ग्रंथ आहे. त्यात आपल्या चौल-दाभोळचेही वर्णन सापडते.

१५१७ मध्ये पोर्तुगीज जहाजे कँटनपाशी आली आणि आल्या आल्या त्यांनी सलामीच्या तोफा उडवल्या. युरोपात हा आदर. चिनी लोकांच्या लेखी शहरात शस्त्रे वाजवणे हा उद्धटपणा. सुरुवातच अशी झाली. पुढे पिरिश तीन वर्षे कँटनमध्ये बोलावण्याची वाट पाहत बसला. मधल्या काळात दुसऱ्या एका पोर्तुगीज कप्तानाने किनाऱ्यावर तटबंदी उभारली, चिनी अधिकाऱ्यावर हात टाकला. मलाक्काच्या पदच्युत सुलतानाचा वकील पेकिंगला तक्रार घेऊन गेला, कारण मलाक्का चीनला नजराणा देणारे राज्य होते. त्यात एक भाषांतराचा घोळ. पोर्तुगालच्या राजाने चीनच्या बादशहाला बरोबरीच्या नात्याने पत्र लिहिले होते. कँटनच्या दुभाष्यांनी रिवाजाप्रमाणे त्याचे रूपांतर शरणागताच्या विनंतीअर्जात करून टाकले. पेकिंगमध्ये मूळ पत्र उघडले गेले, तेव्हा दोन मजकुरांत काहीच जुळेना! नेमका १५२१ मध्ये बादशहा वारला. वकिलातीची रवानगी परत कँटनला आणि तिथून तुरुंगात झाली. पिरिश पुन्हा मायदेशी आला नाही. १५२१ आणि १५२२ मध्ये चिनी आरमाराशी चकमकी झाल्या आणि त्यांत पोर्तुगिजांनी मार खाल्ला.

गोव्यात आणि मलाक्कात जी मात्रा चालली ती इथे चालणार नाही, हे पोर्तुगिजांना कळून चुकले. पुढची तीस वर्षे त्यांनी किनाऱ्याकिनाऱ्याने चोरटा व्यापार केला. १५५४ मध्ये लिओनेल द सोझा या कप्तानाने कँटनच्या अधिकाऱ्यांशी बोलून जकात भरून व्यापार करण्याची परवानगी मिळवली. १५५७ च्या सुमारास मकावच्या टोकावर त्यांची वस्ती झाली. तिथे आ-मा या समुद्रदेवतेचे देऊळ होते आणि आजही आहे. आपल्या कोळी बांधवांना जशी एकवीरा, तशी दक्षिण चीनच्या दर्यावर्दींना ही देवी. तिच्या नावाने त्या खाडीला 'आ-मा-गाऊ' म्हणत. त्याचेच पुढे मकाव झाले.

आता ती नोंद. सुरुवातीला पोर्तुगीज दरवर्षी पाचशे ताएल चांदी, म्हणजे सुमारे अठरा-एकोणीस किलो, किनारपट्टीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हातावर ठेवत. ही चक्क लाच होती आणि ती त्याच्या घरी जात होती. १५७२-७३ च्या सुमारास एके वर्षी ही थैली त्या अधिकाऱ्याच्या हाती इतर अधिकाऱ्यांच्या देखत पडली. सगळ्यांचे डोळे थैलीवर. अधिकारी हुशार होता. तो तत्काळ म्हणाला, हे मकावच्या जमिनीचे भाडे आहे, बादशहाच्या खजिन्यात जमा करायचे आहे. झाले! लाचेचे भाडे झाले. त्या वर्षापासून पाचशे ताएल सरकारी हिशेबात पडू लागले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पडत राहिले.

ज्यांनी सरकारी कचेरीत किंवा बँकेत काम केले आहे त्यांना यातले मर्म चटकन उमगेल. लाचेची पावती नसते, भाड्याची असते. आणि पावती एकाच वेळी दोन गोष्टी सांगते: पैसे देणारा इथे कायदेशीरपणे राहतो आणि जागा त्याच्या मालकीची नाही. पोर्तुगिजांनी पावतीचा पहिला अर्थ वाचला, चिन्यांनी दुसरा. लिस्बनमधले नकाशे मकाव आपल्या रंगात रंगवत राहिले. कँटनचे अधिकारी ते आपल्या हद्दीतले एक परकी बिऱ्हाड समजत राहिले. वाद घालून हा प्रश्न निकालात काढण्याची कोणाला गरज भासली नाही, कारण दोघांचाही धंदा नीट चालला होता.

शिवाय किल्ली घरमालकाच्याच हाती होती. मकावला मुख्य भूमीशी जोडणाऱ्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर १५७० च्या दशकात चिन्यांनी भिंत घालून दरवाजा बसवला. धान्य, भाजी यायची ती त्या दरवाजातून. खटका उडाला की दरवाजा बंद. दोन-चार दिवसांत मकावच्या गोदामातला तांदूळ आटे आणि तंटा मिटे. एकही तोफ उडवावी लागत नसे.

मग चीनने हे बिऱ्हाड ठेवून तरी का घेतले? कारण चांदी. मिंग राजवटीने जपानशी थेट व्यापार करायला बंदी घातली होती. जपानात चांदीच्या खाणी होत्या आणि तिथल्या सरदारांना चिनी रेशीम हवे होते. चीनमध्ये सरकार शेतसारा चांदीत मागू लागले होते, त्यामुळे सोन्याच्या हिशेबात चांदीला तिथे युरोपच्या जवळजवळ दुप्पट भाव येई. दोन गिऱ्हाइके समोरासमोर उभी आणि मध्ये कायद्याची भिंत. पोर्तुगीज दलाल म्हणून मध्ये उभे राहिले. दरवर्षी एक भले मोठे जहाज गोव्याहून निघे. त्यात हिंदुस्थानी कापड असे. मलाक्का करून ते मकावला येई, तिथे रेशीम भरी आणि नागासाकीला जाई. जपानी लोक त्याला 'काळे जहाज' म्हणत. एक फेरी पुरी व्हायला दोन-तीन वर्षे लागत; पण एवढ्या एका फेरीत कप्तानाच्या सात पिढ्यांची सोय होई.

मकावचा कारभार बघायला १५८३ मध्ये तिथल्या नागरिकांनी एक नगरसभा स्थापन केली. ही सभा मोठी व्यवहारचतुर होती. लिस्बन वर्षा-दीड वर्षाच्या अंतरावर, गोवा काही महिन्यांच्या आणि चिनी अधिकारी दोन तासांच्या. कोणाचे आधी ऐकायचे हे तिने अंतरावरून ठरवले! १६३९ मध्ये जपानने पोर्तुगिजांना हाकलून दिले. मकावने विनवणी करायला १६४० मध्ये वकील पाठवले, तेव्हा जपानी अधिकाऱ्यांनी एकसष्ट जणांची मुंडकी उडवली आणि तेरा जणांना तेवढे बातमी सांगायला परत धाडले. १६४१ मध्ये डचांनी मलाक्का घेतले. दोन वर्षांत दोन्ही हात तुटले. मकाव तरीही जगले, कारण त्याच्या भाडेकरारावर डचांची सही लागत नव्हती.

व्यापाराच्या मागोमाग विद्याही या वाटेने गेली. मातेओ रिची हा इटालियन जेझुइट १५७८ मध्ये गोव्याला आला, तिथे शिकला आणि १५८२ मध्ये मकावला उतरला. रुज्जेरी या सहकाऱ्याबरोबर त्याने पोर्तुगीज-चिनी शब्दकोश रचला, १६०१ मध्ये तो पेकिंगला पोचला आणि पुढल्याच वर्षी त्याने चिनी लिपीत जगाचा नकाशा छापला. शतकभराने तोमास परेरा हा पोर्तुगीज जेझुइट कांगशी बादशहाच्या दरबारी संगीतज्ञ म्हणून मान पावला. १६८९ मध्ये चीन आणि रशिया यांच्यात नेर्चिन्स्कचा तह झाला, त्यात तो दुभाषा होता. युरोपातल्या सत्तेशी चीनने केलेला हा पहिला तह, आणि त्याची मुख्य प्रत होती लॅटिनमध्ये. भाषांतराच्या घोळात बुडालेल्या पहिल्या वकिलातीची भरपाई एका पोर्तुगिजाने अशी केली म्हणायची.

आपल्या वाचकांना जवळची वाटेल अशी गोष्ट म्हणजे हे मकाव १८४४ पर्यंत गोव्याच्या अखत्यारीत होते. गव्हर्नर, धर्मगुरू, शिपाई, कारकून गोव्यातून जात. मकावमध्ये बारा टेकडीच्या उतारावर पिवळ्या-पांढऱ्या कमानींची एक देखणी इमारत आहे. १८७४ मध्ये ती बांधली ती गोव्याहून पोलिसांच्या मदतीला नेलेल्या हिंदी पलटणीसाठी. २००५ मध्ये युनेस्कोने मकावच्या जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात ही बराकही आहे. तिथल्या जुन्या घराण्यांत नारळाच्या दुधाचे एक पक्वान्न करतात आणि त्याला 'बेबिंका' म्हणतात. गोव्याच्या सात थरांच्या बेबिंकेशी ते चवीने जुळत नाही, पण नाव ऐकताच माहेरची ओळख पटते.

ही ओळख नुसती गोड नाही, कडूही आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू इंग्रजांची जकात चुकवून दमणला यायची आणि तिथून पोर्तुगीज निशाणाखाली मकावला जायची. बंगालची अफू कंपनीची मक्तेदारी. माळव्याची अफू संस्थानिकांची, सावकारांची आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांची. गोव्याचे रोजेरिओ द फारिया आणि मुंबईचे जमशेटजी जीजीभॉय यांची या धंद्यात भागीदारी होती. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, कराचीची वाट बंद झाली आणि दमणचा हा व्यापार ओसरला. पण तोवर मुंबईत जो पैसा आला त्यातून वाडे, धर्मादाय दवाखाने, विद्यालये उभी राहिली. कँटनच्या अफूबाजाचा त्यात किती हिस्सा, याचा हिशेब आपण फारसा मांडलेला नाही. अफू आटली तेव्हा मकावच्या व्यापाऱ्यांनी माणसे विकायला घेतली. १८७४ मध्ये बंदी येईपर्यंत लाखाच्या वर चिनी मजूर करारावर अंगठे उठवून तिथून क्युबा आणि पेरूला नेले गेले. त्यातले परत आले ते थोडे.

अफूच्या युद्धात चीन हरला, १८४२ मध्ये हाँगकाँग इंग्रजांना मिळाले आणि पोर्तुगिजांना वाटले, आता आपणही मालक व्हावे. १८४६ मध्ये फेरेरा दो आमाराल हा एका हाताचा दर्यावर्दी गव्हर्नर म्हणून आला. त्याने भाडे देणे बंद केले, चिनी जकात कचेरी हुसकली, रस्त्यासाठी चिन्यांच्या कबरी उखडल्या. ऑगस्ट १८४९ मध्ये भिंतीच्या दरवाजाजवळ चिनी मारेकऱ्यांनी त्याला गाठून ठार केले. पावतीतला दुसरा अर्थ पुसू पाहणारा पहिला गव्हर्नर असा संपला. मकावमधला त्याचा घोड्यावरचा पुतळा १९९२ मध्ये काढून लिस्बनला रवाना केला गेला. बीजिंगला तो नको होता.

तरीही १८८७ मध्ये पोर्तुगालला तह मिळाला. अफूवरचा कर नीट वसूल व्हावा म्हणून चीनला मकावचे सहकार्य हवे होते. त्या बदल्यात चीनने मकावमधला पोर्तुगालचा 'कायमचा ताबा आणि कारभार' मान्य केला. मात्र एक कलम घातले: चीनच्या संमतीवाचून मकाव दुसऱ्या कोणाला देता येणार नाही. मुंबईच्या चाळीत पागडीच्या खोलीत राहिलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. ताबा पिढ्यान्पिढ्या तुमचा, पण घरमालकाच्या सहीशिवाय खोली दुसऱ्याच्या नावावर होत नाही.

१९४९ मध्ये चीनमध्ये कम्युनिस्ट आले. साम्राज्यवादाचे नाव घेताच ज्यांच्या कपाळाची शीर उठे, त्यांना मकाव एका दुपारात घेता आले असते. त्यांनी घेतले नाही. अमेरिकेने नाकेबंदी केलेली असताना हाँगकाँग आणि मकाव या दोन खिडक्यांतून परकी चलन आणि माल येत होता. १९६१ मध्ये भारताने गोवा मुक्त केला तेव्हाही चीन स्वस्थ राहिला. तेव्हा अनेकांना प्रश्न पडला होता: जे भारताने केले ते चीन का करीत नाही?

या प्रश्नाचे खरे उत्तर पाच वर्षांनी मिळाले. नोव्हेंबर १९६६ मध्ये मकावच्या ताइपा बेटावर एका चिनी शाळेच्या बांधकाम परवान्यावरून तंटा झाला. चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीचे वारे होतेच. दंगल पेटली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आठ माणसे मेली. मग जुना उपाय: दरवाजा आवळला, चिनी दुकानदारांनी पोर्तुगिजांना माल देणे थांबवले. २९ जानेवारी १९६७ रोजी गव्हर्नर नोब्रे द कार्व्हाल्यो चिनी व्यापारी मंडळाच्या इमारतीत गेला आणि माओच्या तसबिरीखाली बसून त्याने माफीनाम्यावर सही केली. त्या दिवसापासून मकाववर निशाण पोर्तुगालचे आणि हुकूम चीनचा. जे आपलेच झाले आहे ते सैन्य पाठवून घ्यायचे कशाला?

तारखांकडे जरा पाहावे. ही सही झाली त्याच्या तेराच दिवस आधी, १६ जानेवारी १९६७ रोजी, गोव्यात जनमत कौल झाला होता. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळे राहायचे, हे गोव्याच्या माणसाला विचारले गेले आणि सुमारे चौतीस हजार मतांनी त्याने वेगळे राहायचे ठरवले. महाराष्ट्रात तो निकाल अनेकांच्या जिव्हारी लागला होता. आज साठ वर्षांनी त्याच्याकडे मकावच्या बाजूने पाहिले की वेगळेच काही दिसते. एकाच वाड्यात वाढलेल्या या दोन बहिणी. एकीच्या भवितव्यावर त्या महिन्यात मतपेट्या उघडल्या, दुसरीचे भवितव्य व्यापारी मंडळाच्या दिवाणखान्यात ठरले.

चीनच्या सबुरीचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत आणि गोव्याच्या बाबतीत भारताने उतावीळपणा केला असे म्हणणारेही होते. ही तुलना मला पटत नाही. सबुरी ज्याच्या हाती दरवाजाची किल्ली आहे त्याला परवडते. भारताने १९५० पासून बोलणी करून पाहिली, १९५३ मध्ये लिस्बनमधली कचेरी बंद केली, १९५५ मध्ये निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांत महाराष्ट्रातले तरुण होते. ज्या देशात मतदार सरकारला जाब विचारतो, त्या देशाला माणसे तुरुंगात ठेवून चाळीस वर्षे वाट पाहता येत नाही.

१९७४ मध्ये पोर्तुगालमधली हुकूमशाही कोसळली. नव्या सरकारने त्याच वर्षाच्या अखेरीस गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. मकावही परत द्यायची त्याची तयारी होती. घाई नव्हती ती चीनलाच. ८ फेब्रुवारी १९७९ रोजी दोन्ही देशांनी राजनैतिक संबंध जोडले, तेव्हा एका गुप्त टिपणात मकाव हा 'पोर्तुगीज कारभाराखालचा चिनी प्रदेश' असल्याची नोंद झाली. सव्वाचारशे वर्षांनी पावतीचा एकच अर्थ दोघांनी वाचला. १३ एप्रिल १९८७ रोजी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या झाल्या, आणि १९ डिसेंबर १९९९ च्या मध्यरात्री पोर्तुगालचे निशाण उतरले. १९ डिसेंबर म्हणजे गोव्याचा मुक्तिदिन. बरोबर अडतीस वर्षांच्या अंतराने एकाच तारखेला हा शेवटचा दिवा मालवला. नव्या मकावचे पहिले प्रमुख झाले एडमंड हो, पेशाने बँकर. १९६७ मध्ये तडजोड घडवणाऱ्या चिनी व्यापाऱ्याचे ते चिरंजीव.

पुढची कथा अशी की घरमालकच भाडेकरूच्या मूळ गावी पाहुणा म्हणून गेला आणि तिथे भागीदार झाला. २०११ मध्ये पोर्तुगालचे दिवाळे निघायची वेळ आली. युरोपने आणि नाणेनिधीने कर्ज दिले, पण सरकारी मालमत्ता विका असे सांगून. तेव्हा चीनच्या थ्री गॉर्जेस कंपनीने पोर्तुगालच्या वीज कंपनीतला एकवीस टक्क्यांहून अधिक हिस्सा सुमारे २७० कोटी युरोंना घेतला. २०१२ मध्ये वीजवाहिन्यांच्या कंपनीचा चौथा हिस्सा चीनच्या सरकारी कंपनीकडे गेला, २०१४ मध्ये सर्वात मोठी विमा कंपनी. २०१९ मध्ये पोर्तुगालने चीनच्या बाजारात युआनमध्ये २०० कोटींचे कर्जरोखे विकले. युरो वापरणाऱ्या देशांत असे करणारा तो पहिला. त्याच वर्षी वीज कंपनी पुरतीच विकत घेण्याचा चिनी प्रयत्न मात्र फसला, आणि २०२३ मध्ये पोर्तुगालने सुरक्षेच्या कारणावरून नव्या दूरसंचार जाळ्यात चिनी यंत्रसामग्रीची वाट जवळपास बंद केली. लिस्बनलाही आता भिंतीत दरवाजा बसवण्याची गरज वाटू लागली असे दिसते.

मकावची भरभराट डोळे दिपवणारी आहे. जुगाराची मक्तेदारी २००२ मध्ये मोडली, २००६ मध्ये मकावने लास व्हेगासला मागे टाकले आणि २०१३ मध्ये तिथल्या जुगारघरांचे उत्पन्न ३६,००० कोटी पटाकांवर गेले. तेहतीस चौरस किलोमीटरांत सात लाखांच्या आत-बाहेर माणसे, आणि २००८ पासून सरकार रहिवाशांना दरसाल रोख रक्कम वाटत आले आहे. पटाका हे तिथले चलन. त्याच्या नोटा १९०६ पासून बँको नासिओनाल उल्त्रामारिनो ही पोर्तुगीज बँक काढते. १९९५ पासून बँक ऑफ चायनाही काढते. हीच उल्त्रामारिनो बँक गोव्यातही होती, तिथल्या 'रुपिया'च्या नोटा तिच्याच. मुक्तीच्या सुमारास गोव्याच्या गरीब कर्जदारांनी तारण ठेवलेले सोने तिने लिस्बनला नेले आणि ते परत यायला तीसेक वर्षे लागली. मकावमध्ये तीच बँक चीनच्या राज्यात नोटा छापते आहे. बँकवाल्याला यात विनोद दिसतो आणि थोडा रागही येतो.

पण नोटा वाटल्या तरी मत वाटलेले नाही. मकावच्या विधिमंडळात तेहतीस सदस्य, त्यांपैकी लोकांनी थेट निवडायचे फक्त चौदा. २०२१ च्या निवडणुकीत लोकशाहीवादी उमेदवारांना देशनिष्ठेच्या कारणावरून उभेच राहू दिले नाही. हाँगकाँगमध्ये माणसे रस्त्यावर उतरली, ती बातमी जगाने वाचली. मकावमध्ये कोणी फारसे उतरले नाही, म्हणून बातमीही झाली नाही.

या साऱ्यात एक लहानसा समाज मधल्यामध्ये उरला आहे. पोर्तुगीज बाप्ये आणि गोव्याच्या, मलाक्काच्या, जपानच्या, चीनच्या बायका यांच्या संसारातून मकावचे 'माकाएन्स' लोक झाले. कचेऱ्यांत दुभाषे हेच, नगरसभेत कारकून हेच. त्यांची 'पातुआ' नावाची बोली पोर्तुगीज, मलाय, कोकणी, कँटनी अशा शब्दांची खिचडी आहे. युनेस्कोने ती मरणपंथाला लागलेल्या भाषांत धरली आहे. १९९३ मध्ये सुरू झालेली एक हौशी नाटकमंडळी त्या बोलीत दरवर्षी फार्स करते. आपल्याकडे ज्या आजी-आजोबांची बोली नातवंडांना कळत नाही, त्यांना त्या नाट्यगृहातले हसू कसले असेल हे सांगायला नको.

पोर्तुगालने जाताना एक दिलदारपणा केला. १९८१ पूर्वी मकावमध्ये जन्मलेल्या चिनी माणसांनाही त्याने पूर्ण नागरिकत्व दिले. हाँगकाँगच्या सामान्य माणसाला इंग्रजांनी तसे दिले नाही. गोव्यात १९६१ पूर्वी जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांनाही हाच हक्क मिळाला, म्हणून मडगावचे तरुण आजोबांचे जन्मदाखले शोधत फिरताना दिसले. मकावमधली आणि गोव्यातली दोन कुटुंबे, ज्यांना एकमेकांचे नावही ठाऊक नाही, ती लिस्बनच्या एकाच दप्तरात नोंदलेली आहेत.

मकावला दिलेली पन्नास वर्षांची हमी २०४९ मध्ये संपते. तोवर पोर्तुगीज ही तिथली एक राजभाषा आहे, रस्त्यांच्या निळ्या-पांढऱ्या पाट्यांवर दोन्ही लिप्या आहेत, कायदे पोर्तुगीज वळणाचे आहेत. त्या डिसेंबरच्या मध्यरात्री जन्मलेले मूल तेव्हा पन्नाशीचे होईल. पाचशे ताएलांच्या पावतीवर घरमालकाची सही होती आणि भाडेकरूची होती. त्या घरात जन्मलेल्यांची सही कोणी कधी घेतलीच नाही. गोव्याच्या माणसाला १९६७ मध्ये एकदा विचारले गेले होते. त्याचे उत्तर आपल्याला तेव्हा आवडले नव्हते, आणि तरीही आपण ते मानले.